सुगीतही न सुकणारी परसबाग

घरामागे दोन वाफे भाजीचे असावेत, चार फळझाडे असावीत, हे कोणाला पटत नाही असे नाही. मृगाचा पाऊस पडला की बी टोचायचा उत्साह घरोघर असतो. खरा प्रश्न असतो तो पौष-माघाचा. शाळूची काढणी अंगावर येते, घरातले सगळे हात रानात जातात आणि संक्रांतीपर्यंत हिरवे दिसणारे वाफे होळीच्या आत वाळून जातात. मग लोक म्हणतात, "अमक्याच्या सुनेला बाग राखता आली नाही." आमच्या घरीही असेच म्हटले गेले होते आणि म्हणणाऱ्यांत मी स्वतः होतो. तो माझा दोष मला पुढे कळला, म्हणून हे सांगायला बसलो आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बराचसा भाद्रपद-आश्विनात. २०१५ साली तोही हात राखूनच पडला. त्या वर्षी आमच्या थोरल्या वहिनींनी एका शिबिरात पाहून परसात सात वाफ्यांची गोल बाग आखली. सोमवारी एका वाफ्यातली भाजी तोडायची, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवड्याचा हिशोब. गौरी-गणपतीच्या पावसावर मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, टोमॅटो, गवार असे सगळे त्यांनी लावले. दिवाळीला बाग अशी होती की शेजारपाजारच्या बायका बघायला येत. संक्रांतीला त्या जागी कोरडी ढेकळे होती.

"एवढी सुरेख बाग, नीट पाणी घातले असते तर राहिली असती," असे मी आईजवळ बोललो. वहिनींनी ते ऐकले, पण त्या काही बोलल्या नाहीत.

हंड्यांचा हिशोब

त्याच्या आधी, मार्गशीर्षात, वहिनी दोन दिवस तापाने पडल्या होत्या आणि बागेला पाणी घालायचे काम माझ्याकडे आले होते. तेव्हा मी कुरकुरत ते केले आणि विसरलो. पुढे एकदा रिकामा बसलो असता सहज हिशोब केला, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

सात वाफ्यांना मिळून वीस हंडे पाणी लागत होते. एक हंडा म्हणजे सुमारे पंधरा लिटर, म्हणजे तीनशे लिटर पाणी. हापसा आमच्या परसापासून दोनशे पावलांवर. जाऊन-येऊन चारशे पावले. वीस खेपांची आठ हजार पावले, म्हणजे जवळजवळ सहा किलोमीटर चाल. त्यातली निम्मी डोक्यावर भरला हंडा घेऊन. ही झाली नुसती बागेची चाल. घरचे पाणी, गोठ्याचे पाणी, भाकरी आणि दिवसभराचे रान त्याहून वेगळे.

मी हे वहिनींना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, बाजारातून पेंडी आणली तर दहा रुपये जातात. ही पेंडी माझी कंबर घेत होती."

तेव्हा मला उमगले की चूक वहिनींची नव्हती, बागेच्या आखणीची होती. बाग आखताना आपण जागा बघतो, बी बघतो, खत बघतो. पण पाणी कोण आणणार, किती लांबून आणणार आणि सुगीच्या महिन्यांत त्या माणसाला वेळ असणार का, हे कोणी बघत नाही. ज्या बागेला रोज माणूस लागतो, ती बाग शेतकऱ्याच्या घरी टिकत नाही. टिकली तर घरातल्या बाईच्या अंगावर टिकते.

जे आपोआप जगले ते

त्या उन्हाळ्यात, म्हणजे २०१६ च्या चैत्रात, आम्ही दोघे त्या ओसाड परसात उभे होतो. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते हेच दिवस. सगळे करपले होते. पण वहिनींनी बोट करून तीन गोष्टी दाखविल्या. मोरीच्या तोंडाशी अळू आणि कर्दळ हिरवी होती. गोठ्यामागे शेवगा शेंगांनी लगडला होता. कुसवाला लागून असलेले सीताफळ पाने गाळून उभे होते, पण नखाने साल खरवडली तर आत हिरवे होते.

"ह्यांना मी कधी पाणी घातलं होतं, भाऊजी?" त्या म्हणाल्या.

आमच्या नव्या बागेची सुरुवात या प्रश्नापासून झाली. आपल्या परसात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर कोणाच्याही देखभालीवाचून काय जगले आहे ते आधी बघावे. ती झाडे आपल्या मातीला, उन्हाला आणि आपल्या घराच्या राहणीला मानवलेली असतात. बाग त्यांच्याभोवती आखावी. रोज पाणी मागणाऱ्या भाज्या त्यानंतर, जितक्या झेपतील तितक्याच.

आधी राख, मग कुदळ

आमचे परस एका गुंठ्याचे, म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद. तेवढी जागा पुष्कळ होते. निम्मी असली तरी चालते. खणायला लागण्यापूर्वी आम्ही एक दिवस नुसते बघण्यात घालवला. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी कोठे पडते? पत्र्यावरचे पावसाचे पाणी कोठे उतरते? दुपारनंतर भिंतीची सावली कोठे असते? शेळ्या आणि कोंबड्या कोणत्या वाटेने शिरतात? घरातले माणूस दिवसातून दहा वेळा कोठून जाते-येते? एवढे पाहिले आणि चुलीतल्या राखेने जमिनीवर रेघा ओढल्या. राखेची रेघ चुकली तर पायाने पुसता येते. खणलेला खड्डा चुकला तर दोन दिवसांची मेहनत जाते.

आखणीचा नियम अगदी साधा ठेवला. जे रोज लागते ते स्वयंपाकघराच्या दाराशी. ज्याला पाणी लागते ते मोरीच्या पाण्यावर. जे वर्षातून एकदा बघायचे ते कुंपणाशी. दाराशी कढीलिंब, गवती चहा, पानओवा, मिरचीची चार रोपे आणि तुळस. मोरीच्या पाटावर अळू, पपई, केळ. कुंपणाकडे शेवगा आणि सीताफळ. मधल्या मोकळ्या जागेत फक्त दोन वाफे.

मोरीचे पाणी

जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, त्यात खेड्यात माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले आहे. आमच्या सहा माणसांच्या घरात तेव्हा तेवढे मिळत नव्हते. तरी आंघोळीचे आणि भांड्यांचे मिळून नऊ-दहा हंडे पाणी रोज मोरीतून बाहेर जात होते. म्हणजे बागेसाठी वहिनी जेवढे पाणी डोक्यावरून आणत होत्या, त्याच्या निम्मे पाणी घरातूनच गटाराला जात होते आणि डास पोसत होते.

हे पाणी वापरायची रीत अशी. मोरीच्या तोंडाशी एक फुटका माठ किंवा जुना डबा पुरावा. त्याच्या तळाला भोके असावीत. आत खाली जाड खडी, वर विटांचे तुकडे आणि सर्वांत वर नारळाची शेंडी किंवा गोणपाटाचा तुकडा ठेवावा. खरकटे आणि तेलकटपणा वर अडकतो. आठवड्यातून एकदा वरचा थर काढून धुवावा किंवा बदलावा. हे पाच मिनिटांचे काम टाळले तर पाट तुंबतो आणि घाण वास सुटतो.

तेथून वीस फुटांचा एक अरुंद पाट काढावा. दर पाच फुटांना सुमारे एक इंच उतार पुरतो. सुरुवातीला अळू आणि कर्दळ लावावी, कारण गढूळ पाणी त्यांना सोसते. पुढे पपई आणि शेवटी केळ. शेतात दारी धरतो तशीच येथे मातीच्या ढेकळाने दारी धरावी. आज पाणी अळूला, उद्या पपईला, परवा केळीला. एकाच जागी रोज पाणी मुरत राहिले तर जमीन चिबडते आणि मुळे कुजतात. आमच्या घरी हे काम पुतण्याकडे आहे. शाळेला जाताना पायाने एक ढेकूळ सरकवायचे, एवढेच.

येथे काही पथ्ये पाळावीत. कपडे धुतलेले साबण-सोड्याचे पाणी शक्यतो बागेत घेऊ नये, त्याने जमीन हळूहळू खारवटते. मोरीचे पाणी मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना कधी देऊ नये, कारण त्या भाज्यांवर हे पाणी लागते आणि काही आपण कच्च्याच खातो. पाणी पाटात साचून राहता कामा नये. तासाभरात मुरत नसेल तर पाट लांबवावा. संडासाचे पाणी या पाटात कोणत्याही परिस्थितीत येऊ देऊ नये.

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मात्र सोन्यासारखे. ते मोरीत न ओतता दारातल्या कढीलिंबाला द्यावे. आमच्या कढीलिंबाला गेल्या कित्येक वर्षांत याशिवाय वेगळे पाणी मिळालेले नाही.

पत्र्यावरचे पाणीही वाया जाऊ देऊ नये. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वीस फूट बाय पंधरा फूट पत्रा म्हणजे सुमारे अठ्ठावीस चौरस मीटर. त्यावर एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला तर सातशे लिटर पाणी खाली येते. पागोळीखाली चर काढून ते झाडांच्या आळ्यांत सोडले, की आश्विनातला शेवटचा पाऊस झाडाला पुष्कळ दिवस पुरतो.

झाडे कोणती निवडावीत

शेवगा हा कोरडवाहू घराचा आधार आहे. शेंगा मिळतात त्या मिळतातच, पण पाला त्याहून मोलाचा. त्यात लोह आहे, कॅल्शियम आहे आणि ज्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते ते द्रव्यही आहे. बाजारात भाजी महाग होते त्या दिवसांतही पाला घरात असतो. फांदी लावूनही शेवगा येतो, पण कमी पाण्याच्या भागात बी लावावे. बियाच्या झाडाचे मूळ खोल जाते. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथील पी. के. एम. १ आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण रुचिरा या जाती आपल्याकडे ओळखीच्या आहेत. शेंगा संपल्या की दर वर्षी झाड कमरेइतके छाटावे. छाटले नाही तर ते उंच जाते, शेंगा हाताला येत नाहीत आणि ठिसूळ फांद्या वाऱ्याने मोडतात. त्याच कारणाने शेवगा घराच्या पत्र्याजवळ आणि गोठ्यावर येईल असा लावू नये. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात. त्यांना हात लावू नये, अंगाला खाज सुटते. पलित्याने किंवा साबणाच्या पाण्याने त्यांचा बंदोबस्त करावा.

सीताफळाला मुरमाड जमीन चालते. उन्हाळ्यात ते पाने गाळून झोपी जाते, म्हणून त्या दिवसांत पाणी मागत नाही. शेळी त्याच्या पानांना तोंड लावत नाही. बालाघाटच्या डोंगरात ते कोणाच्या देखभालीवाचून वाढते आणि बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परसात दोन झाडे पुरेत.

लिंबू एक असावे. भाजीवर लिंबू पिळले की पालेभाजीतले लोह अंगी लागते, म्हणून शेवगा आणि लिंबू ही जोडी. राहुरी विद्यापीठाची साई शरबती जात चांगली आहे. लिंबाला मोरीचे पाणी देऊ नये, ते त्याला मानवत नाही. खोडाला लागून पाणी साचले तर डिंक्या रोग होतो. म्हणून खोडाभोवती मातीची भर द्यावी आणि आळे बाहेरच्या अंगाला, फांद्यांच्या घेराखाली करावे. लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की ती हिरवी होते. फुलपाखराची ही अळी रोप लहान असताना सगळी पाने खाते. औषध मारण्याची गरज नाही, सकाळी हाताने वेचली की झाले. पोरांना हे काम आवडते.

पपई लवकर फळते पण दोन-तीन वर्षांची सोबतीण असते. तिला पाटाच्या कडेला उंचवट्यावर लावावी, बुंध्याशी पाणी थांबले की ती कुजते. केळीच्या बुंध्याशी फळावर आलेले एक आणि पुढचे एक असे दोनच खुंट ठेवावेत, बाकीचे कोंब काढून टाकावेत. नाहीतर सगळी ताकद पानांत जाते आणि घड लहान राहतो.

वेलांत तोंडली एकदा लावली की काही वर्षे बघावी लागत नाही. फळ देणाऱ्या, गोड्या वेलाचे पेन्सिलीएवढे जाड आणि वीतभर लांब छाट आणून ज्येष्ठात लावावेत. रानातली तोंडली आणू नये, ती बहुधा कडू निघते. तुरकाट्यांचा ठेंगणा मांडव तिला पुरतो. मायाळूही अशीच, फांदी खोचली की लागते आणि डाळीत घालायला पाने देत राहते. माठ, राजगिरा, घोळ यांची चार झाडे बी धरेपर्यंत तोडू नयेत. पुढच्या पावसात ती आपोआप उगवतात. पेरणी निसर्गच करतो, आपण फक्त विरळणी करावी, आणि विरळलेली रोपे म्हणजेच त्या दिवसाची भाजी.

बोर, आवळा, चिंच ही चांगली झाडे आहेत, पण एका गुंठ्यात ती दाटी करतात. त्यांची जागा बांधावर.

कुंपण आणि आच्छादन

शेळी एका सकाळीत वर्षाची बाग संपवते. दर वर्षी काट्या रचायच्या तर ते कायमचे काम होऊन बसते. म्हणून जिवंत कुंपण करावे. अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही, त्याच्या फांद्या पावसाळ्यात सहज लागतात आणि खोकल्याला पानेही हाताशी असतात. निरगुडीचेही तसेच. मध्ये मध्ये करवंद लावावे, ते सावकाश वाढते पण काटेरी भिंत उभी करते. ही झाडे दाट होईपर्यंत पहिली दोन वर्षे बाहेरून तुरकाट्यांचे कुंपण ठेवावे. शेराचे कुंपण काही जण करतात. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो, म्हणून लहान मुलांच्या घरी ते नको.

आता आच्छादनाविषयी. पाण्याखालोखाल बागेत वेळ जातो तो खुरपणीत. दोन्हीला उपाय एकच, जमीन झाकून ठेवणे. कडबा जनावरांना लागतो, त्याला हात लावायला नको. पण शाळूची धसकटे, तुरीचा पाला, उसाचे पाचट, झाडांचा पालापाचोळा हे सगळे आपण जाळतो किंवा उकिरड्यावर टाकतो. पाऊस संपता संपता जमिनीत ओल असतानाच झाडांच्या आळ्यांत याचा चार ते सहा बोटांचा थर द्यावा. ओल टिकते, तण दबते आणि पुढच्या पावसात त्याचेच खत होते. कोंबड्या आच्छादन विस्कटतात, म्हणून आळ्याच्या कडेने दगड लावावेत.

आच्छादन खोडाला चिकटवू नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी. नाहीतर वाळवी आणि बुरशी खोडाला लागते. घराच्या भिंतीपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून चार-पाच फूट जमीन मात्र झाडून स्वच्छ ठेवावी. पाचोळ्यात विंचू-साप बसतो. भाजी तोडायला काळोखात जाऊ नये आणि पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे.

लागण आणि पहिली दोन वर्षे

खड्डे चैत्र-वैशाखात खणावेत. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. ते पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्यावेत. भरताना तळाला पालापाचोळा, मग वरच्या थरातली चांगली माती आणि दोन घमेली कुजलेले शेणखत. ताजे शेण घालू नये, त्याने हुमणी आणि वाळवी येते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन गार झाली की मगच रोप लावावे. पहिल्याच सरीला लावलेले रोप पुढच्या उघडिपीत मरते.

कमी कष्टाची बाग म्हणजे पहिल्या दिवसापासून कष्ट नाहीत, असे कोणी समजू नये. पहिले दोन उन्हाळे झाडाला पाणी द्यावेच लागते. पण तेही वरून ओतू नये. झाडापासून दीड-दोन फुटांवर एक मातीचे भाजलेले, साधे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर दगडी झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळे त्याच्या मागे खोल जातात. नवे, रंग न लावलेले मडके घ्यावे. तेलातुपाचे जुने मडके झिरपत नाही. आमच्या लिंबाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांतून एकदा मडके भरले की पुरत असे. वाफ्याला रोज तीन हंडे लागत, त्यापुढे हे काहीच नाही.

मधल्या दोन वाफ्यांविषयी आमच्या घरी एक नियम आहे. ते पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला पेरायचे, आणि शाळूची काढणी सुरू झाली की मोकळे सोडायचे. वाळले म्हणून कोणी कोणाला बोलायचे नाही. त्या दिवसांतली भाजी शेवगा, कढीलिंब, अळू आणि घरातली वाळवणे देतात.

कामांची वाटणीही ठरवून टाकली आहे. खड्डे, कुंपण, छाटणी ही वर्षाची कामे पुरुषांची. दारी धरणे आणि अळ्या वेचणे मुलांचे. मोरीचा माठ धुणे आईने आपणहून घेतले. वहिनींकडे राहिली ती भाजी तोडणे आणि काय लावायचे ते ठरवणे. हा भाग झाडांच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. बाग बाईची म्हणायची आणि पाणी, तण, राखणही बाईचीच ठेवायची, तर कितीही चांगली आखणी केली तरी ती बाग होळी बघणार नाही.

बागेची परीक्षा

२०१६ चा पाऊस चांगला झाला आणि आमची झाडे लागली. २०१८ साली पाऊस पुन्हा रुसला. त्या ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले. पुढच्या फाल्गुनात वहिनींच्या आईचे दुखणे वाढले आणि त्यांना दोन महिने माहेरी जाऊन राहावे लागले. घरात म्हातारी आई, थोरले बंधू, मी आणि पोरे. रानातली कामे आटोपून परत यायला अंधार होई. बागेकडे कोणी मुद्दाम बघितले असे मला आठवत नाही.

वहिनी वैशाखात परत आल्या. पिशवी ओट्यावर ठेवून त्या आधी परसात गेल्या. जे होते ते असे. एक पपई मेली होती. लिंबाची निम्मी पाने गळाली होती, कारण मडके भरायला मी चार-सहा वेळा विसरलो होतो. तोंडलीचा वेल वाळून दोरीसारखा झाला होता, तो मृगात बुडातून पुन्हा फुटला. अळू आखडून लहान झाले होते. पण शेवगा, कढीलिंब, केळ आणि कर्दळ हिरवी होती. सीताफळे झोपेत होती आणि अडुळशाचे कुंपण उभे होते.

वहिनींनी सगळीकडे फिरून पाहिले, मेलेली पपई मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकली आणि शेवग्याचा ओंजळभर पाला खुडून घरात गेल्या. त्या रात्री भाकरीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. "सांभाळलंत की, भाऊजी," त्या म्हणाल्या. खरे सांगायचे तर मी काही सांभाळले नव्हते, आणि ते त्यांनाही ठाऊक होते.

बागेची परीक्षा दिवाळीत घ्यायची नसते, त्या दिवसांत सगळ्यांचीच बाग हिरवी असते. घरातले माणूस आजारी पडले, माहेरी गेले, ऊसतोडीला गेले किंवा सुगीत अडकले तर दोन महिन्यांनी परसात काय उरेल, हा प्रश्न आखणीच्या दिवशीच विचारावा. जे उरेल ते आधी लावावे.

म्हणून बंधू-भगिनींनो, यंदा खड्डे खणण्याआधी एक दिवस आपल्या घरची पाण्याची वाट मोजा. पुरुष मंडळींनी तर एक दिवस स्वतः हंडा उचलून मोजावी. किती खेपा, किती पावले, ते कागदावर मांडावे. त्यानंतर राखेच्या रेघा कोठे ओढायच्या हे कोणी सांगावे लागत नाही.